तहकूब सभा

"मानसं न्हायत काकी. घरी जा, भाकऱ्या थापा," सरपंचाच्या खुर्चीत रेलून भागोजी बोलला.

सरपंच खरी त्याची बायको, नेत्रा. बायांसाठी जागा राखीव झाली तेव्हा फॉर्मवर सही तिने केली आणि खुर्ची ह्याने धरली. ती बिचारी दाराशी चहाचा थर्मास घेऊन उभी.

कमळाबाई काही हलली नाही. बौद्धवाडीत तिच्यासकट सहा घरं उघडी, बाकीच्यांना कुलपं. पोरगा संघर्षसुद्धा नोकरीला नवी मुंबईत, घणसोलीला. गेल्या आषाढात तिचा नवरा धर्माजी गेला. त्याला खाडीवर नेलं, तर स्मशानाला छप्पर नाही. चौघं डोक्यावर पत्रे धरून उभे, आणि खाली चिता विझतेय. तीनदा डिझेल ओतलं तेव्हा माणूस जळला. तेव्हापासून दर ग्रामसभेला बाई हजर: स्मशानाला शेड द्या. भागोजीला त्याच पैशात गावाला कमान बांधायची होती, वर स्वतःचं नाव घालून.

"सायब," ती ग्रामसेवक सुजितकडे वळली, "मागल्या शुक्रवारी शंभर मानसं न्हायत म्हनून सभा तहकूब केलीत. आज तीच सभा ना?"

"हो आजी."

"तहकूब सभेला कोरम लागतो?"

सुजितने भागोजीकडे बघितलं, मग पंख्याकडे. "नाही लागत."

"म्हंजे मी एकटी चालते?"

"चालता."

"मंग लिवा ठराव, स्मशानाला शेड."

हा नियम संघर्षने फोनवर वाचून दाखवलेला. दोनच मिनिटं बोलला, मग त्याची कंपनीची बस आली.

भागोजी ताडकन उठला. "माजा इरोध हाय! लिवा!"

"तू कोन रं? फ्लॅट घेतलास तवा नाव पनवेलच्या मतदार यादीत नेलंस. हितं तू पावना. बस खाली."

सुजितने हसू दाबत पेन उघडलं. "सूचक, कमळाबाई. पण आजी, अनुमोदक लागेल. गावातला आणखी एक मतदार."

कमळाबाईने मागे बघितलं. चाळीस खुर्च्या, सगळ्या रिकाम्या. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

नेत्राने थर्मास खाली ठेवला. "माजं नाव हाय हितल्या यादीत."

"नेत्रा!"

तिने कप भरून नवऱ्याच्या हातात दिला. "पावन्यांनी चा घ्यावा." आणि सही केली. वर काय लिहिलंय ते ह्या खेपेला वाचून केली.

सुजितने वाचलं, "सदर ठराव सर्वानुमते मंजूर."

"सर्व म्हंजे कोन?"

"तुम्ही दोघी."

कमळाबाई खोकला येईतो हसली.

परतताना संघर्षला फोन लावला. उचलला नाही. मग बाईने काय करावं? वाडीतल्या एकेका बंद दारासमोर उभी राहून, छत्री आपटत सांगत सुटली, "केसर, शेड झाली गं! ओ दादू, ऐकलंव का?" कुलपं पावसात भिजत होती.

आपल्या दाराशी आली नि थांबली. त्या शेडीत पहिला नंबर कोणाचा, हे काय तिला कळत नव्हतं?

"पत्रे चढल्याबिगार मरायची न्हाय मी," कुलपाला तिने बजावलं, आणि चावी फिरवली.