फेकलेल्याला पत्ता विचारणारा डबा

हां, मीच बोलतोय, दवाखान्यातला इंटरनेटचा काळा डबा. चाळीसगावपासून अर्ध्या तासावरचं गाव. कपाटावर बसतो, शेजारी जुना स्क्रीन, अंगावर पालीची घाण. हसू नका. गावातल्या पेशंटचा ईसीजी माझ्यातूनच धुळ्याच्या मोठ्या डॉक्टरकडे जातो.

मला घडवलं जळगावच्या हेमांगीताईनं. माझ्या पोटात एक मुकादम आहे, कर्नेल नावाचा. माहिती त्याच्याकडे तुकड्यातुकड्यांनी येते, त्याला पॅकेट म्हणतात. आधी तो एकेक उचलायचा आणि धापा टाकायचा. ताईनं त्याला जुडीनं उचलायला शिकवलं, मेथीसारखं. जुडीतल्या प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी, माझ्यामागचा कुठे बसलाय त्याची. एकाचं काम झालं की चिठ्ठी वाचायची, पुढचा धरायचा. एखादा सडका, म्हणजे वाटेत खराब झालेला निघाला तर फेकायचा.

घोळ इथेच होता. मुकादम आधी सडका फेकायचा आणि मग त्या फेकलेल्याचाच खिसा चाचपायचा! बहुतेक वेळा चिठ्ठी तशीच सापडायची, म्हणून ताईलाही कळलं नाही. पण कधीकधी ती जागा तेवढ्यात दुसऱ्यानं बळकावलेली असायची. मग मुकादम भलताच कचरा पत्ता म्हणून वाचायचा, नको तिथे जायचा, आणि मी धाडकन आडवा.

पडताना मी स्क्रीनवर लिहून ठेवतो, पाय कुठे घसरला ते. बंद केलं की पुसलं जातं. म्हणून ताईनं कंपाउंडर हिलालभाऊला सांगितलेलं, "आधी फोटो काढून मला पाठवा, मग बटन."

"ताई, फोटो काढीसन काय करानं? बटन दाबं की चालू व्हई जास."

आणि व्हायचोच मी चालू. अकरा वेळा. मलाही मजा यायची, खोटं कशाला बोलू.

मग एका मंगळवारी सकाळी भिकुबाईला आणलं. कापसातून थेट, घामानं चिंब, हात छातीवर. सोबत सून रत्ना. हिलालभाऊनं ईसीजी काढला, पाठवला. त्याच जुडीत एक सडकं पॅकेट. मी आडवा.

"भाऊ, लवकर करा ना!"

"दोन मिनिट, वहिनी. आते चालू व्हई."

बटन. मला उठायला सहा मिनिटं लागतात. उठलो, ईसीजी पुन्हा आला, पुन्हा तसलंच सडकं पॅकेट, पुन्हा पडलो. पुन्हा बटन.

"डॉक्टर काय म्हणना?" भिकुबाईनं विचारलं. डॉक्टरांना अजून काही माहीतच नव्हतं.

चौथ्यांदा पडलो तेव्हा कुठे हिलालभाऊनं खिशातला मोबाईल काढला, ईसीजीचा फोटो धुळ्याला पाठवला. हे आधीच करता आलं असतं. पण डबा चालू होतोच ना, दरवेळी होतो!

मिनिटभरात डॉक्टरांचा फोन. "अटॅक आहे. गोळ्या द्या, लगेच इकडे आणा. कधीपासून दुखतंय?"

हिलालभाऊनं घड्याळ बघितलं. माझ्या नादात वीस मिनिटं गेली होती.

भिकुबाई धुळ्याला पोचलीच नाही. रस्त्यातच गेली.

त्या दिवशी मात्र मला कुणी हात लावला नाही, म्हणून स्क्रीनवरचं तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी ताई आली, स्क्रीनवरचं वाचत बसली. बराच वेळ.

"प्रोग्रॅममधल्या दोन ओळी उलट्या आहेत. आधी चिठ्ठी काढून हातात धरायची, सडक्याला जुडीतून सोडवायचं, मग फेकायचं. बस्स."

"मी पयलेच स्क्रीनना फोटो धाडता तर…" हिलालभाऊ पुटपुटला.

"ओळी माझ्या आहेत, भाऊ."

ओळी सरळ झाल्या. तेव्हापासून एकदाही पडलो नाही. तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल ना, तर पाया पडतो, तो का पडला ते आधी वाचा. आणि पेशंट समोर असेल तर डब्याच्या भरवशावर बसू नका.

काल रत्ना सासूचे कागद न्यायला आली. माझ्याकडे बघत म्हणाली, "हाई आते चालू शे का?"

"हाव, वहिनी."

"मंग त्या रोज काय व्हयनं व्हतं?"

हिलालभाऊ कागद शोधत राहिला. कागद टेबलावर समोरच होते. माझा हिरवा दिवा लुकलुकत होता. लाज वाटली. पण तो विझवणं माझ्या हातात नाही.