शिकवणाऱ्याचे नाव

अर्जदाराचे नाव: रमा.

त्यापुढे नवऱ्याचं नाव येतं. ते ह्यांनीच लिहिलं, ओळ बोटानं चाचपून. तरी अक्षरं ओळीखाली उतरली.

वय: एकतीस.

मोटार चालवायला का शिकायचं, असा रकाना अर्जात नाही. असता तर मला खोटं लिहावं लागलं असतं. इथे खरं लिहिते. हे अमरावतीच्या कोर्टात वकील आहेत. दीड वर्षापासून ह्यांची नजर कडेकडेनं मिटत चालली आहे. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, उरली आहे ती जपा, गेलेली परत यायची नाही. घरी मी कागद वाचून दाखवते आणि कोर्टात हे ते तोंडपाठ बोलतात. लोक ह्यांच्या स्मरणशक्तीचं कौतुक करतात. दिसत नाही हे कळलं, तर उद्या एकही पक्षकार पायरी चढणार नाही.

दिवाळीनंतर अकोल्याला मोठा दावा उभा राहतो आहे. आगगाडीनं जायचं म्हणजे बडनेऱ्याला गाडी बदलायची, दहा ओळखीच्यांसमोर फलाटावर चाचपडायचं. मोटारीनं गेलं तर थेट कोर्टाच्या पायरीशी उतरता येतं. मोटार दारात आहे, पेट्रोलची कुपनंही साठवली आहेत. ड्रायव्हर उस्मान मात्र लढाईवर गेला. नवा ठेवला तर आठ दिवसांत त्याच्या लक्षात येईल आणि नवव्या दिवशी आमच्या साऱ्या राजापेठेच्या.

म्हणून मी.

ह्यांनी जाहीर केलं होतं, शिकवीन मीच. परवाना आहे माझ्याकडे. परवाना आहेच, आठ वर्षांचा जुना. मी हो म्हटलं आणि ह्यांच्या मागे उस्मानच्या थोरल्या भावाला निरोप पाठवला. कुर्बान अचलपूरच्या सर्व्हिसची, उतारूंची मोटार चालवतो. उस्माननं जाताना त्याला सगळं सांगितलं होतं आणि तो कुणापाशी बोलला नव्हता. गुरुवारी त्याला सुट्टी. सहा गुरुवार पुरतात, म्हणाला.

डोळ्यांची परीक्षा:

माझ्या डोळ्यांची. परवान्याच्या कचेरीच्या आवारात पंचवीस पावलांवर कुणाची तरी मोटार उभी होती. तिच्या पाटीवरचा नंबर वाचायचा. कारकून नत्थुजी माझ्या एका बाजूला, हे दुसऱ्या. कुर्बान फाटकाबाहेर लिंबाखाली, ठरल्याप्रमाणे, आपला परवाना रुमालात गुंडाळून, शिकवणारा म्हणून दाखवायला. मी दोन आकडे वाचले आणि श्वास घ्यायला थांबले. ह्यांनी लगेच मान डोलावली. "बरोबर, सगळं बरोबर."

नत्थुजी हसले. "साहेब, अजून दोन आकडे बाकी हायेत ना."

"ती अडते का बघत होतो," हे म्हणाले. आवाज कोर्टातलाच, पण ह्यांनी माझा दंड घट्ट धरला. मी उरलेले दोन आकडे घाईनं वाचून टाकले. नत्थुजींनी एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, एकदा मोटारीकडे, आणि आम्ही आत गेलो.

शिकवणाऱ्याचे नाव:

इथे मी गप्प राहिले.

नाही, असं नाही. पुन्हा सांगते.

नत्थुजींनी विचारलं, बाई, शिकवणार कोण? कुर्बानचं नाव माझ्या जिभेवर होतं. हे शेजारच्या खुर्चीत काठी गुडघ्यांत धरून बसले होते. मी कुर्बान म्हटलं असतं तर नत्थुजींनी विचारलंच असतं, वकीलसाहेबांकडे परवाना असताना सर्व्हिसचा ड्रायव्हर कशाला? आत्ताच तर दोनच आकड्यांवर ह्यांचं 'सगळं बरोबर' त्यांनी ऐकलं होतं. मी खाली पाहिलं. पदर बोटाला गुंडाळला.

हेही पुरतं खरं नाही. मी खाली पाहिलं ते ह्यांच्या बुटांकडे. एका बुटाची नाडी सुटली होती आणि ह्यांना ते माहीत नव्हतं.

तेवढ्यात नत्थुजी मागच्या टेबलावरच्या माणसाला म्हणाले, "घ्या, बाई मोटार चालवाले निघाल्या, पन मालकाचं नाव तोंडातून निंगून नाई राहिलं. उखाना घेता काय बाई?"

कचेरी हसली. मी पंधरा वर्षांत ह्यांचं नाव उच्चारलेलं नाही, ते खरंच आहे. त्यामुळे माझ्या गप्प बसण्याचा दुसरा अर्थ त्या खोलीत कुणाला सुचला नाही. नत्थुजींनी टाक बुडवला आणि मोठ्यानं म्हणत लिहिलं, "हरिहर चिंतामण, वकील." शिक्का मारला. नाही म्हणायला तेवढा वेळ होता. शिक्का शाईच्या पेटीतून कागदावर येईपर्यंतचा.

परतीच्या टांग्यात राजापेठ आली तशी ह्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले,

"मला वाटलं होतं, तू कुर्बानचं नाव सांगशील."

म्हणजे ह्यांना माहीत होतं. फाटकातून आत शिरताना कुर्बाननं सलाम केला होता, तो ह्यांनी आवाजावरून ओळखला असेल, किंवा आधीपासूनच. मी विचारलं नाही. हे हसत होते. दीड वर्षात असे हसले नव्हते. माझं गप्प बसणं नत्थुजींनी लाजेचं समजलं, आणि ह्यांनी विश्वासाचं.

गुरुवारी कुर्बान आला. मी त्याला मागच्या दारी कचेरीतला शिक्क्याचा कागद दाखवला आणि म्हटलं, नाव राहू दे कागदावर, तू शिकव. त्यानं कागद वाचला, घडी घालून परत दिला.

"बाईसाब, कागदावर साहेबाचं नाव आहे. मी बाजूले बसलो अन् कोनी धरलं तं माहा परवाना जाईन. चार पोरं आहेत मले. तुमी नाव बदलाचा अर्ज द्या. कारन लिवा, मी येतो."

नाव बदलण्याचे कारण:

पतीस वेळ नाही. (रोज संध्याकाळी हे ओट्यावर बसलेले असतात, गल्ली पाहते. खोडलं.)

पतीची प्रकृती बरी नसते. (कोर्टात रोज उभे राहतात. खोडलं.)

पतीस

इथे शाई वाळली. शिवाय अर्जावर शिकवणाऱ्याची सही लागणार होती, ह्यांचीच. मी तो कागद चुलीत घातला.

पहिला धडा:

सकाळी उन्हं वर आल्यावर, बडनेरा रस्त्याच्या कडेच्या माळावर. गावातल्या गर्दीतून चालवायची सवय राहिली नाही, असं ह्यांनी सांगितलं, म्हणून तिथपर्यंत मोटार शेजारच्या शेषरावांनी आणून दिली आणि आमचं कौतुक करून ते पायी परत गेले. हे डाव्या बाजूला बसले. शिकवतात मात्र छान. क्लच कुठे, ब्रेक कुठे, गिअर टाकताना मनगट कसं वळवायचं, सगळं न बघता सांगतात. इंजिन लागलं. मोटार अंगातून थरथरायला लागली.

"समोर मोकळं आहे," हे म्हणाले. "सोड हळूहळू पाय."

समोर तीस पावलांवर एक बाई पाठमोरी बसून शेण गोळा करत होती.

सांगायला दोनच शब्द लागले असते. बाई आहे. पण मग मोकळं आहे, हे ह्यांनी कशावरून म्हटलं?

"थांबते जरा," मी म्हटलं.

"घाबरायचं नाही. मी बघतो आहे ना."

मी दोन्ही पाय दाबून बसले. बाई उठली, पाटी डोक्यावर घेतली, वळली आणि आम्हाला पाहून तिथेच उभी राहिली. बाईमाणूस चाक धरून बसलेलं तिनं कधी पाहिलं नसावं. ती हलेना. हॉर्नचा फुगा ह्यांच्या बाजूला होता. वाजवा म्हणायचं, तर कशासाठी, हेही सांगावं लागलं असतं.

"हात कापतात तुझे," हे मायेनं म्हणाले. मग माझ्या हातांवर आपले हात ठेवून ह्यांनी चाक घट्ट धरलं, अगदी सरळ, तिच्याच रोखानं, आणि म्हणाले, "आता सोड."