पावाच्या गाडीत काच

काच आडवी नेत नाहीत. लाकडी घोडीला, म्हणजे तिरक्या चौकटीला टेकवून उभी नेतात, कारण आडवी ठेवली की ती आपल्याच वजनाने तडकते. माणसाचंही तसंच असतं म्हणा. पण आधी गाडीचं सांगू, माणूस मागाहून येईलच.

तर हा काचवाला. खिडक्यांना काचा बसवण्यात त्याची वीस वर्षं गेली. घराखालची एक लांबट खोली हेच दुकान: मधे जाड कापड अंथरलेलं टेबल, भिंतीला टेकलेल्या काचा, कोपऱ्यात तुकड्यांचं पिंप. मापं तो घ्यायचा आणि काच बायको कापायची, कारण रेघ मारताना तिचा हात हलत नसे. नवऱ्याचा हलायचा. हे तिने बाहेर कधी कुणाला सांगितलं नाही, आणि यालाच संसार म्हणतात.

गुरुवारी त्यांची जुनी व्हॅन चौकात उभी राहिली ती राहिलीच. मेकॅनिकने डोकं आत घातलं, बाहेर काढलं, फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, "हिला आता शांतपणे जाऊ द्या."

जाऊ द्यायला हरकत नव्हती. पण सोमवारी शाळेचं काम सुरू व्हायचं होतं. सभागृहाच्या चोवीस मोठ्या काचा, आणि मुलांची सुट्टी आठ दिवसांची. मुख्याध्यापिकाबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "सोमवारी सकाळी पहिली काच दिसली नाही, तर मी दुसऱ्याला बोलावेन." एवढं मोठं काम त्यांच्या दाराशी पहिल्यांदाच आलं होतं. काचा कापून तयार होत्या. न्यायच्या कशातून, एवढाच प्रश्न होता.

शुक्रवारी मेव्हणा आला. गाड्यांच्या बाबतीत सर्वज्ञ, स्वतः बसने फिरणारा. तो त्यांना एका विक्रेत्याच्या आवारात घेऊन गेला. तिथे एक पांढरीशुभ्र व्हॅन उभी होती. समोर स्क्रीन, मागे कॅमेरा, उंच दार, आत मऊ अस्तर.

"दाजी, ही गाडी नाही, नवरी आहे," मेव्हणा म्हणाला.

"नवरीला काचा वाहायच्या आहेत," बायको म्हणाली. "मिरवायचं नाहीये."

काचवाल्याने घरून आणलेली एक काच आणि छोटी घोडी आत ठेवली. मग स्वतः मागे मांडी घालून बसला आणि काचेवर तळहात टेकवला. गाडी कुठलीही असो, त्याची पारखायची रीत ही एकच. गाडी चालवायची बायकोने.

विक्रेता हसला. "लोक टायरला लाथ मारून बघतात हो. तुम्ही काच घेऊन आलात."

"टायर खोटं बोलतो," काचवाला म्हणाला.

गाडी निघाली. पहिल्या वळणापर्यंत काच गप्प होती. वेग वाढला तशी ती दातओठ खाल्ल्यासारखी कडकड वाजू लागली, आणि ब्रेक लागला तेव्हा त्याच्या तळहाताखाली शहारली. परत आल्यावर तो म्हणाला, "इंजिन ज्या रबरांवर बसतं ती गेलीत. अजूनही काही गेलं असेल."

"रेडिओ लावला की ऐकू येत नाही," विक्रेता म्हणाला.

बायकोने किल्ली त्याच्या हातावर ठेवली. वाटेत मेव्हणा दोनदा म्हणाला, "रंग मात्र काय होता."

शनिवारी किराणा दुकानाच्या काचेवर एक चिठ्ठी दिसली: बेकरीची गाडी विकणे आहे. बेकरी बंद झालेली. मालकीणबाई, पांढऱ्या केसांच्या, ताठ कण्याच्या आजी, या तिघांना मागच्या अंगणात घेऊन गेल्या. गाडी चौदा वर्षांची. कुशीवर पाव रंगवलेला, आणि उन्हाने त्याचा वरचा अर्धा भाग खाऊन टाकलेला.

"दाजी, चला," मेव्हणा हळूच म्हणाला.

आजींना ते ऐकू आलं. त्यांनी आतून एक जाड वही आणली. नवऱ्याचं अक्षर. तेल कधी बदललं, पट्टा कधी, टायर कधी, दिव्याचा बल्बसुद्धा. एक महिना सुटलेला नव्हता.

"पहाटेची गाडी होती," आजी म्हणाल्या. "ही चुकली की चार गल्ल्यांची सकाळ चुकायची. रोज किल्ली फिरवायच्या आधी आमचे हे हात जोडायचे. मी विचारायचे, देवाला सांगताय की इंजिनला? म्हणायचे, तेल मी बघितलंय, उरलेलं त्याने बघावं."

काचवाल्याने काच आत नेली, मांडी घातली, हात टेकवला. बायकोने गाडी काढली. खडबडीत रस्ता, उतार, वळण, ब्रेक. काच वाजली नाही. एका बारीक, अखंड सुरात ती गुणगुणत राहिली, तंबोऱ्याची एकच तार कुणी मागे बसून छेडत असावं तशी. तो डोळे मिटून ऐकत राहिला. बायकोला आरशात त्याचा चेहरा दिसला आणि तिथेच गाडी कुणाची झाली ते तिला कळलं.

मग त्याने टेप काढून आतली लांबी, रुंदी आणि तळापासून छतापर्यंतची उंची मोजली. शाळेच्या काचा साडेचार फूट उंच, आत जागा पाच फुटांना थोडी कमी. बस्स झालं. संध्याकाळी गाडी घरासमोर उभी होती.

रविवारी सकाळी मोठी घोडी आत बसवली आणि काचवाल्याने नि मेव्हण्याने पहिली काच उचलली. ती दाराशी आली आणि थांबली. दार साडेचार फुटांना दोन बोटं कमी होतं.

काच परत भिंतीला टेकवून तिघं गाडीकडे बघत राहिले.

"अहो," बायको म्हणाली, "वीस वर्षं लोकांच्या चौकटी मोजल्यात. आपल्याच गाडीचं दार?"

"आत मोजलं ना मी."

"काच काय आतूनच उगवणार होती?"

काचवाला पायरीवर बसला. तिरकी घातली तर एका वेळी एकच काच जाईल, आणि वाटेत तीही जाईल. मेव्हणा शेजारी बसला. त्याने टोमणा मारला नाही, हेच जास्त लागलं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "ती पांढरी अजून तिथेच आहे. दार उंच होतं तिचं. आठ दिवस कशीतरी चालेलच की."

"कशीतरी" हा शब्द काचवाल्याच्या धंद्यात नव्हता. पण सोमवारही उद्यावर आला होता. त्याने फोन खिशातून काढला आणि गुडघ्यावर ठेवला.

बायको पुढच्या सीटवर वही घेऊन बसली होती. ती पहिल्या पानापासून वाचत होती, पोथी वाचावी तशी, एक ओळ न गाळता. आठव्या पानावर तिचं बोट थांबलं.

"हे ऐका, बारा वर्षांपूर्वीची नोंद. 'ट्रे सरकतात म्हणून खाली चौकट मारून फळ्या टाकल्या. त्याआधी पत्रा दोन हात रंगवला.'"

काचवाला उठला. मागे जाऊन त्याने दाराच्या उंबऱ्याशी बोटं घातली. ज्याला तो गाडीचा तळ समजला होता, तो फळ्यांचा होता. खरा तळ तीन इंच खाली होता.

"काढायच्या?" मेव्हण्याने विचारलं. "बारा वर्षं झाकलेला पत्रा आहे, दाजी. खाली गंज निघाला तर गाडीच गेली."

ते खरंच होतं. फळ्या काढल्याशिवाय सोमवार नव्हता, आणि काढल्यावर कदाचित गाडीच नसती. त्याने स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला. पहिला स्क्रू अडेल असं वाटलं होतं. पण तो सहज फिरला. आट्यांना ग्रीस लावलेलं होतं. कधीतरी कुणालातरी हे काढावं लागेल, असा विचार त्या माणसाने बारा वर्षांपूर्वी करून ठेवला होता.

शेवटची फळी उचलली. खाली पिठाची पातळ साय, आणि तिच्याखाली राखाडी रंग, जसाच्या तसा. काचवाल्याने हातोडीच्या दांड्याने कोपरे ठोकून बघितले. चारही कोपरे खणखणीत बोलले.

या वेळी दार त्याने दोनदा मोजलं, आणि बायकोने तिसऱ्यांदा. घोडी पुन्हा बसवली, खाली जुनी घोंगडी अंथरली. काच आत गेली. वर बोटभर जागा राहिली.

"बोटभर पुरते," काचवाला म्हणाला.

सोमवारी सकाळी त्याने बॉनेट उघडून तेलाची पट्टी बघितली, पुसली, पुन्हा बघितली. मग किल्लीआधी क्षणभर हात जोडले. शेजारी बसलेल्या बायकोने विचारलं नाही कुणाला सांगताय म्हणून. तिनेही जोडले होते.

शाळेच्या फाटकाशी मुख्याध्यापिकाबाई घड्याळ बघत उभ्या होत्या. गाडी आत शिरली तशी त्यांनी कुशीवरचं अर्धं चित्र न्याहाळलं.

"मी काचा मागवल्या होत्या," त्या म्हणाल्या. "पाव नाही."

"ताज्या आहेत, बाई," बायको म्हणाली, आणि मागचं दार उघडलं. पहिल्या खेपेच्या सहा काचा उभ्या होत्या, एकीलाही ओरखडा नव्हता.

दुपारी पहिल्या खिडकीत काच बसली आणि सभागृहाच्या जमिनीवर उन्हाचा एक सरळ चौकोन पडला. काचवाला त्यातच बसून डबा खात होता. बायकोने वही उघडली, जुन्या अक्षराखाली एक रेघ मारली, न हलणारी, आणि लिहिलं: 'फळ्या काढल्या. पत्रा चांगला आहे. दार मोजलं.'