शेरा : लिफ्ट

बाईंनी कागदावर सही केली, खाली तारीख घातली आणि पेनाला टोपण लावता लावता त्यांचा हात थांबला.

"या तारखा बरोबर आहेत?" त्यांनी विचारलं.

लिफ्टचा मेकॅनिक दारातच उभा होता. इमारतीतल्या एकेका विभागप्रमुखाची सही गोळा करत तो तळघरातल्या या प्रयोगशाळेपर्यंत उतरला होता. ही शेवटची सही मिळाली की त्याचं काम संपणार होतं. त्याने मान वाकडी करून कागद पुन्हा वाचला. मालवाहू लिफ्ट तीन तारखेपासून चोवीस तारखेपर्यंत दुरुस्तीसाठी पूर्ण बंद होती, आता ती व्यवस्थित चालते, वगैरे.

"बरोबर आहेत की. मोटरच काढून नेली होती."

"मधे एखाददोनदा चालवून बघितली असेल."

"मोटरशिवाय?" मेकॅनिकला हसू आलं. "खांद्यावर घेऊन चढवली असती तरच, बाई."

बाई हसल्या नाहीत. त्यांच्या टेबलावर प्रयोगांची नोंदवही उघडी पडली होती आणि पानावर चौदा तारीख होती. शेऱ्याच्या रकान्यात निळ्या शाईत 'लिफ्ट' लिहिलेलं होतं, त्याखाली दुसऱ्या अक्षरात 'लिफ्ट', पानाच्या तळाशी पुन्हा 'लिफ्ट'. मेकॅनिकने विचारलं, लिफ्टची काही तक्रार होती का. बाई म्हणाल्या, तुमच्या लिफ्टची काहीच तक्रार नाही. तो कागद घेऊन गेला आणि बाई खुर्चीत बसल्या.

अकरा वर्षांपूर्वी त्यांनी हा उद्योग आरंभला तेव्हा ओळखीच्या लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकाचा सगळ्यात लहान घटक. बाकीचे लोक तो धातूच्या सूक्ष्म वेटोळ्यांतून घडवत होते, कुणी अडकवून ठेवलेल्या अणूंतून. बाईंना तो गोठवलेल्या निऑनच्या पापुद्र्यावर तरंगणाऱ्या एकेका इलेक्ट्रॉनपासून करायचा होता. क्युबिट कुठल्याही जातीचा असो, स्वभावाने भारी हळवा. शेजारी जरा काही हललं की झालीच त्याची चूक. म्हणून एकावर भरवसा ठेवायचा नाही. पुष्कळ जणांनी मिळून एकच गोष्ट सांभाळायची आणि एकमेकांच्या चुका पकडायच्या, म्हणजे एकूण संगणक चुकत नाही. अट एवढीच, की मुळात चुका फार नसाव्यात. हजारात आठच्या आत असल्या तर पकडता येतात. त्यापलीकडे गेल्या की पकडणारेच चुकायला लागतात.

सरकारने नव्या जातींच्या क्युबिटसाठी निधी ठेवला होता आणि त्याचे दोन टप्पे केले होते. पहिल्या टप्प्यात आठच्या आत येऊन दाखवायचं. दाखवलं, की दुसरा टप्पा : पाच वर्षं, मोठं यंत्र, जास्त माणसं. नाही दाखवलं, तर प्रयोगशाळेला टाळं. बाईंचा आकडा हजारात सहा होता, आणि समिती परवा, बुधवारी येणार होती.

लिफ्टची गोष्टही बाईंचीच. चार वर्षांपूर्वी आकडा मधूनच उसळायचा आणि का ते कळत नव्हतं. बाईंनी एका विद्यार्थिनीला मालाच्या लिफ्टमध्ये उभं करून तासभर वरखाली फिरवलं, आणि स्वतः घड्याळ घेऊन खाली बसल्या. लिफ्ट हलली की आकडा उसळत होता. मग थंड यंत्राखाली रबराचे जाड ठोकळे घातले. तरीही एखादा रन, म्हणजे प्रयोगाची एखादी फेरी, बिघडलाच, तर तो हिशेबातून काढायचा आणि शेऱ्यात 'लिफ्ट' लिहायचं असं ठरलं. त्या वेळी ते शहाणपणाचंच होतं. खालच्या लोकांची ये-जा मागच्या उतारावरून होई, आणि लिफ्ट इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला. ती चालू आहे की बंद, हे त्यानंतर कुणी डोकावून पाहिलं नव्हतं.

बाईंनी मुकादमाला हाक मारली. हुद्द्याने तो संशोधक होता, पण रोज सकाळी कामं वाटून द्यायची त्याला एवढी हौस, की दोघी विद्यार्थिनींनी त्याचं नाव मुकादम ठेवलं होतं आणि पुढे ते त्याच्या बायकोनेही उचललं. बाईंनी त्याला तारखा सांगितल्या आणि तीन ते चोवीस एवढ्या पानांवरचे 'लिफ्ट' मोजायला लावले. त्याने दोनदा मोजले. एकेचाळीस. मग न सांगताच त्याने आधीच्या तीन आठवड्यांचे मोजले. त्रेचाळीस.

"म्हणजे लिफ्टचा संबंधच नाही," तो म्हणाला.

"रबर घातलं तेव्हाच तिचा त्रास संपला असणार. चार वर्षं आपण चोर सोडून संन्याशाला फाशी देतोय."

त्या बोलल्या हलक्या आवाजात, पण त्यांना लाज वाटत होती. त्या एकेचाळीसांपैकी सहा नोंदी त्यांच्या स्वतःच्या अक्षरात होत्या. लिहिताना आपल्या मनात काय होतं ते आठवायचा त्यांनी प्रयत्न केला, आणि काहीच नव्हतं असं त्यांच्या लक्षात आलं.

मुकादम बराच वेळ वहीची कड नखाने खरवडत राहिला. त्याची बायको दुसऱ्या शहरातली नोकरी सोडून तीनच महिन्यांपूर्वी इकडे राहायला आली होती. लेकीला इथल्या शाळेत घातलं होतं. हे सगळं दुसऱ्या टप्प्याच्या भरवशावर चाललं होतं, आणि तो भरवसा बाईंनीच दिला होता.

"बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची," तो शेवटी म्हणाला. "बुधवार होऊ द्या. मंजुरी आली की पहिलं काम हेच करू. पळून थोडंच जाणार आहोत?"

"आणि कारण सापडलं नाही तर?"

"सापडेल. पाच वर्षं असतील हातात. आज बोललो तर शोधायला कुणी उरणारच नाही."

तो लबाड नव्हता, आणि बोलत होता त्यात चूक काढता येत नव्हती, हीच खरी पंचाईत होती. बाईंनी त्याला घरी जायला सांगितलं.

बाईंचा नवरा दातांचा डॉक्टर होता. संध्याकाळी तो जेवणाच्या टेबलाशी बसून सफरचंद कापत होता, तेव्हा बाईंनी त्याला सगळं सांगितलं. लग्नाला तीस वर्षं झाली तरी क्युबिट म्हणजे काय हे त्याला धड कळलं नव्हतं, पण बिघडलेली गोष्ट त्याला चटकन कळे.

"माझ्याकडे रोज हेच," तो म्हणाला. "किडलेला असतो एक, आणि माणूस बोट ठेवतो शेजारच्यावर. मुद्दाम नाही गं. त्याला खरंच तिथे दुखत असतं."

"मग तू काय करतोस?"

"सगळे ठोकून बघतो. मग मला शिव्या देतात."

बाईंना राग आला. इथे अकरा वर्षं पणाला लागलेली आणि याला दात सुचतायत. त्या म्हणाल्या, मला मुकादमाचं ऐकावंसं वाटतंय; खरंच वाटतंय. त्याने यावर काही उपदेश केला नाही. फोडींची बशी त्यांच्यापुढे सरकवली आणि सुरी धुवायला उठला. बाईंनी एकही फोड खाल्ली नाही, बशीत त्या काळ्या पडत गेल्या.

मंगळवारी सकाळी त्यांनी सगळ्यांना गोळा केलं : मुकादम, दोघी विद्यार्थिनी, आणि तारा-जोडण्या बघणारा इंजिनिअर. शेऱ्यात लिफ्ट आहे म्हणून काढलेला प्रत्येक रन परत हिशेबात घ्यायचा, त्या म्हणाल्या, चार वर्षांतला एकूण एक. धाकट्या विद्यार्थिनीचा प्रबंध याच आकड्यावर उभा होता. ती उठून बाहेर गेली आणि डोळे धुऊन परत आली. मुकादमाने वह्या पुढ्यात ओढल्या. खुर्ची ओढून त्यानेच कामाला सुरुवात केली आणि दुपारपर्यंत मान वर केली नाही.

आकडा निघाला हजारात अकरा.

आलेखही त्यानेच नव्याने काढला. आठची मर्यादा तांबड्या रेषेने दाखवलेली होती आणि त्यांचे ठिपके तिच्यावर उड्या मारून बसले होते. आलेखाचं माप थोडं मोठं धरलं असतं, तर अकरा आणि आठ जवळ जवळ दिसले असते. बाईंना वाटलं होतं, तो तेवढं तरी करेल. त्याने माप तेच ठेवलं होतं. त्यांना त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण तशी त्यांची रीत नव्हती. त्यांनी फक्त "छान काढलायस" म्हटलं.

समितीत पाच जण होते, आणि त्यांतले चार आले नसते तरी चाललं असतं. भीती असायची ती एकाचीच. त्यांना सगळे पाठीमागे कात्रीसाहेब म्हणत, कारण त्यांच्या हातून कुठलाही प्रस्ताव आखूड झाल्याशिवाय सुटत नसे. त्यांची स्वतःची प्रयोगशाळा बाईंच्या चौपट मोठी होती. त्यांचा क्युबिट वेगळ्या जातीचा, आणि त्याला दुसरा टप्पा गेल्याच महिन्यात मिळाला होता. बाईंच्या कामाबद्दल ते एकदा भर सभेत म्हणाले होते, छंद म्हणून ठीक आहे.

बाईंनी प्रास्ताविक केलंच नाही. आधी जुना आकडा सांगितला, मग नवा, मग लिफ्ट. मंत्रालयाच्या अधिकाऱ्याने विचारलं, हे आजच्या आज सांगायची काय गरज होती.

"आम्ही इथे पाच जण आहोत," बाई म्हणाल्या. "पुष्कळांनी एकमेकांच्या चुका पकडायच्या, हाच आमचा धंदा. पण सगळे मिळून एकच चूक करायला लागले, तर ती पकडणार कोण? आमच्या यंत्रात हे होऊ नये म्हणून आम्ही जिवाचं रान करतो. टेबलाभोवती झालं ते दिसलं नाही. दिसल्यावर लपवायचं म्हटलं, तर ती चूक राहत नाही."

बाकीच्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले. कात्रीसाहेबांनी एकही विचारला नाही. मधे एकदा फक्त लिफ्ट बंद असतानाचे ते तीन आठवडे पुन्हा पडद्यावर लावायला सांगितले आणि चष्मा काढून बराच वेळ पाहत बसले. मुकादमाने बाईंकडे पाहिलं. कात्री चालत नाही म्हणजे प्रकरण फारच वाईट, असं त्याला वाटलं असावं.

चहानंतर अध्यक्षांनी निर्णय सांगितला. माणूस भला होता, शब्द शोधत बोलला. नियम नियमच असतो. आकडा मर्यादेबाहेर असताना दुसरा टप्पा देता येत नाही. दीड वर्षाने पुन्हा अर्ज करता येईल. चालू वर्ष संपेपर्यंत प्रयोगशाळा चालू ठेवायला हरकत नाही. प्रामाणिकपणाची नोंद घेतली जाईल. मुकादमाने सगळ्यांचे आभार मानले आणि पडद्याची तार कोपराभोवती गुंडाळू लागला. गुंडाळून झाल्यावर पुन्हा सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

बाई मागच्या उतारावर आल्या तेव्हा कात्रीसाहेब गाडीची वाट बघत एकटेच उभे होते. आता हे सांत्वन करणार, असं बाईंच्या मनात आलं. तेवढं तरी त्यांना नको होतं.

"तो मेकॅनिक सहीला आला नसता, तर कळलं असतं तुम्हाला?" कात्रीसाहेबांनी विचारलं.

"नसतं," बाई म्हणाल्या.

कात्रीसाहेबांनी हातातली फाइल या काखेतून त्या काखेत घेतली.

"आमच्या इमारतीमागून रेल्वे जाते."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"आमच्याकडे शेऱ्यात 'रेल्वे' लिहितात. नऊ वर्षं झाली." ते बुटांकडे बघत बोलत होते. "गेल्या वर्षी संप झाला होता. अकरा दिवस एकही गाडी धावली नाही. मघाशी तुमचे ते तीन आठवडे बघताना आठवलं."

बाईंना क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं लगेच वाईटही वाटलं. मग उघडून बघा की वही, त्या म्हणाल्या.

"मी बघितली तर मला रेल्वेच दिसेल. माझी माणसंही माझ्याच हाताखाली शिकलेली, त्यांनाही रेल्वेच दिसेल." त्यांनी मान वर केली. "तुमच्या त्या संशोधकाला पाठवाल? आलेख काढणाऱ्याला. त्याची नेमणूक मी करतो. आमच्या सगळ्या वह्या त्याला खुल्या."

"त्यातून काही निघालं तर तुमचा दुसरा टप्पा जाईल."

"ते कळतंय मला."

गाडी उताराच्या तोंडाशी येऊन थांबली. ड्रायव्हरने दार उघडलं, तरी ते जागचे हलले नाहीत.

"विचारते त्याला," बाई म्हणाल्या. "पण शेऱ्याचा रकाना झाकून वह्या द्या. आणि मागून रेल्वे जाते हे आधी त्याच्या कानावर घालू नका."

कात्रीसाहेबांनी थोडा विचार केला.

"स्टेशन आमच्या फाटकासमोरच आहे," ते म्हणाले. "यायचं म्हणजे तिथेच उतरावं लागतं."

"मग बसने पाठवते," बाई म्हणाल्या.