पालथा ठेवलेला फोटो

आईने फोटो हातात घेतला, चष्मा वरखाली करून पाहिला, "चांगला आहे गं," म्हणाली आणि काउंटरवर पालथा ठेवून चहा टाकायला निघून गेली.

दुसऱ्या कुणाच्या आईने असं केलं असतं तर त्यात विशेष काही नव्हतं. माणूस हातातली वस्तू खाली ठेवतो, ती उताणी पडली की पालथी हे कोण बघत बसतं? पण हा फोटो स्टुडिओ होता आणि इथे चाळीस वर्षं एकच नियम चालत आला होता. रस्त्याकडच्या काचेच्या कपाटात लावायचा फोटो आधी दिवसभर काउंटरवर पडून राहायचा. बाबा, आई आणि रिटचिंग करणारे काका असे तिघं जण येताजाता तो बघायचे. पसंत असेल तर उताणा ठेवायचा, नसेल तर पालथा. चर्चा नाही, कारणं नाहीत. बाबा म्हणायचे, कारणं सांगायला लागला की माणूस फोटोबद्दल कमी आणि स्वतःबद्दल जास्त बोलतो.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. कपाटातला त्यांनी काढलेला शेवटचा फोटो उन्हाने पार उडाला, तेव्हा आईने तो काढून घेतला आणि "योग्य फोटो येईपर्यंत राहू दे रिकामं," म्हणून कपाटाला कुलूप लावलं. तेव्हापासून गिऱ्हाईक आत येण्याआधी त्या रिकाम्या काचेत स्वतःचे केस सारखे करायचं. कपाटाचा तेवढाच उपयोग उरला होता.

आता बारकीने पालथा पडलेला फोटो उचलला. बारकी चव्वेचाळीस वर्षांची होती, जिना चढताना तिचा गुडघा कुरकुरायचा, पण भावंडांत धाकटी म्हणून जे नाव चिकटलं ते चिकटलं. फोटो तिनेच काढला होता आणि फोटोत आईच होती. कोरीव खुर्चीत बसलेली, एक हात मांडीवर, मागे रंगवलेला पडदा, आणि सगळ्याला तो जुना पिवळसर तपकिरी रंग.

आईला दाखवण्याआधी तिने तो मोठ्या भावाला पाठवला, तर त्याचं लगेच उत्तर आलं, "भारी! एकदम जुना वाटतो." नात्यातल्या तेरा जणांनी अंगठे पाठवले. एका मावशीने तर रडणारे चार चेहरे धाडले. ते आनंदाने रडत होते की कसं, हे विचारायची बारकीला हिंमत झाली नाही. सगळ्यांनी मिळून तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं आणि आईने एक शब्दही वावगा न बोलता खाली उतरवलं.

आणि सोमवारी सुतार येणार होता. स्टुडिओची पुढची खोली पासपोर्टच्या फोटोंना पुरायची. मागची मोठी, उंच खिडकीची आणि त्या रंगवलेल्या पडद्याची. पडद्यावर एक संगमरवरी जिना होता, तो वर चढत चढत कुठेच जात नव्हता. याच खोलीत बाबांनी अख्ख्या गावाचे चेहरे टिपले होते. गेलं वर्षभर बारकी तिथे जुन्या पद्धतीची पोर्ट्रेट काढायला शिकत होती. उजेड कसा वळवायचा, सावली कुठवर येऊ द्यायची, यात तिच्या नाकी नऊ आले होते. भाऊ म्हणत होता, नसता खटाटोप सोड, मध्ये पार्टिशन घाल, एकीकडे प्रिंटर ठेव, दुसरीकडे सामान. शेवटी तिने मनाशी ठरवलं होतं: हा एक फोटो कपाटात लागला तर खोली राहील, नाहीतर सुतार पडदा उतरवेल. आणि आईचाच फोटो का, तर चाळीस वर्षांत या स्टुडिओत आईचा एकही फोटो निघाला नव्हता. एकही नाही.

आईला कारण विचारायची सोय नव्हती. म्हणून शनिवारी दुपारी बारकी फोटो पिशवीत घालून काकांकडे गेली.

काका म्हणजे सख्खे काका नव्हेत. बाबांकडे तीस वर्षं ते निगेटिव्हवर पेन्सिल चालवत. सुईसारखं टोक काढून चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या, देवीचे व्रण ते एकेका ठिपक्याने पुसून टाकायचे. गावात त्यांना सगळे पेन्सिलकाका म्हणत. आता ते तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत एकटे राहत. उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हतं, पण डाव्या डोळ्याचा त्यांना फार अभिमान होता.

"आण इकडे. आणि उजेडातून बाजूला हो," ते म्हणाले. खिडकीशी बसून त्यांनी भिंग डोळ्याला लावलं.

फोटो त्यांनी काठापासून काठापर्यंत पाहिला. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि फोटोचा एक कोपरा हलक्या हाताने पुसायला लागले. पुसून पाहिलं. तोंडाची वाफ देऊन पुन्हा पुसलं.

"चरा पडलाय गं इथे. जात नाहीये."

"काका, तो... तो मी मुद्दाम टाकलाय."

"काय टाकलायस?"

"चरा. कॉम्प्युटरवर. जुना वाटावा म्हणून."

काकांनी भिंग खाली केलं आणि तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने सारवलेल्या घरात मुद्दाम चिखलाचे पाय उठवले होते. "अगं, मी जन्मभर चरे काढले. माझा डोळा गेला त्यात. आणि तू ते हौसेने घालतेस?"

बारकीचे कान लाल झाले. काकांना हसू आवरेना. हसता हसता त्यांना खोकला लागला, तिने पाणी दिलं. पाणी पिऊन ते जरा मऊ झाले.

"हे बघ, रागावू नकोस. उजेड झकास आहे. गालावरून मानेकडे कसा उतरलाय बघ. तुझ्या बाबांना हे जमायला पंधरा वर्षं लागली, तुला एकात जमलं. हे तोंडावर सांगतोय, मागून नाही." त्यांनी फोटो पुन्हा जवळ घेतला. "पण एक लक्षात घे. आमचा फोटो जुना नव्हता. काढला तेव्हा तो नवा कोराच होता. माणूस सकाळी न्हाऊन, ठेवणीतले कपडे घालून यायचा तो नवा दिसायलाच. जुना तो नंतर झाला, त्याचा त्याचा. तू तर वहिनीला आधीच जुनं करून टाकलंस."

हे बारकीला लागलं. लागलं, कारण खरं होतं. "म्हणून आईने पालथा ठेवला?"

"चऱ्याला ती भीक घालणार नाही. तिचं दुसरंच काहीतरी असेल." काकांनी भिंग आईच्या डोळ्यांवर आणलं आणि तिथेच थांबले. "ही बघत कुठे होती?"

"स्टँडवर लाल चिकटपट्टी लावली होती. तिच्याकडे बघ म्हटलं."

"आणि तू?"

"मी कॅमेऱ्यामागे. फोकस बघत."

काका उठले. पलंगाखालून एक पत्र्याचा डबा ओढून त्यांनी चाचणीचे जुने प्रिंट बाहेर काढले. त्यातला एक तिच्या हातात देऊन भिंगही दिलं. वर्दीतला पोस्टमन होता. हा फोटो तिने लहानपणापासून शंभरदा पाहिला होता.

"त्याच्या डोळ्यात बघ. बुबुळात."

बुबुळात खिडकीचा पांढरा चौकोन होता, तांदळाच्या कणीएवढा. आणि त्या चौकोनाच्या कडेला एक काळी रेघ. बारकीने भिंग पुढेमागे केलं. रेघ नव्हती ती. कुणीतरी उभं होतं, एक हात वर केलेलं.

काकांनी दुसरा फोटो दिला. बोळक्या तोंडाची एक म्हातारी. तिच्या डोळ्यात तीच खिडकी, तोच वर केलेला हात. तिसऱ्यात दोन जुळ्या बहिणी, चार डोळे, चारही डोळ्यांत ती.

"आई," बारकी म्हणाली.

"मग दुसरं कोण? बाबा कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली डोकं घालून बसायचे, त्यांच्याकडे बघून कोण हसणार? तुझी आई खिडकीशी उभी राहून हात वर करायची, 'इकडे बघा, माझ्याकडे.' आणि काहीबाही बोलत राहायची. माणूस हाताकडे बघायचाच नाही, तिच्याकडे बघायचा. तोंडावर जे यायचं ते त्यामुळे यायचं." काकांनी चष्मा पुसला. "कामाला लागलो त्या पहिल्या वर्षी मला वाटलं, डोळ्यात कचरा दिसतोय. मी पेन्सिलने तो ठिपका भरून टाकला. तुझे बाबा माझ्यावर कधी ओरडले नाहीत, त्या दिवशी ओरडले. म्हणाले, डाग काढ, सुरकुत्या काढ, हवं तर नाक सरळ कर. तिला काढायचं नाही."

बारकीला रडू फुटलं. लपवण्यात काही अर्थ नव्हता, खोलीत दोघंच होते आणि एकाला धड दिसत नव्हतं. आईचा एकही फोटो नाही म्हणून ती वर्षभर हळहळत होती आणि आई या गावातल्या प्रत्येक घराच्या भिंतीवर होती. आणि ज्या दिवशी तीच आई पहिल्यांदा खुर्चीत बसली, त्या दिवशी लेकीने तिच्यासमोर काय उभं केलं? चिकटपट्टी.

"भिंग घेऊन जा," काका म्हणाले. "आणि उद्या उजेड चांगला आहे."

रविवारी सकाळी आई काही केल्या बसायला तयार होईना. "पुन्हा कशाला? चांगला होता की."

"तू पालथा ठेवलास."

 "ठेवला का?" असं आईने म्हणून पाहिलं, पण ते तिचं तिलाच पटलं नाही. मग हळूच म्हणाली, "तू एवढी राबलीस. तोंडावर कसं सांगू? पण मला ती बाई ओळखीची वाटली नाही गं. कुणाची तरी वाट बघून कंटाळलेली वाटली."

"बस," बारकी म्हणाली. "या वेळी कंटाळू देणार नाही."

तिने कॅमेरा स्टँडवर पक्का केला, रिमोट डाव्या मुठीत धरला आणि खिडकीच्या कडेला, जिथली फरशी चाळीस वर्षांच्या उभं राहण्याने गुळगुळीत झाली होती तिथे, जाऊन उभी राहिली. उजवा हात वर केला. पुढे काय बोलायचं ते मात्र तिला सुचेना.

"इकडे बघ. माझ्याकडे."

"हात असा धरतात होय?" आई खुर्चीतून म्हणाली. "वाहतूक पोलीस झालीस की काय? बोटं सैल सोड. आणि तोंड कसलं ते! तूच घाबरलीस तर समोरच्याने काय करायचं?"

बारकी हसली. आई हसली नाही, पण तिचे खांदे खाली आले.

"आई, तू इतक्या वर्षांत एकदाही का बसली नाहीस? बाबा म्हणाले नाहीत कधी?"

"म्हणायचे की. दर वर्षी म्हणायचे." आई तिच्याकडेच बघत होती, अगदी सरळ. "पण मी बसले असते तर हात कुणी वर केला असता?"

बारकीने वर केलेला हात तसाच ठेवला. तिने डावी मूठ आवळली.

सोमवारी दहाच्या ठोक्याला सुतार आला. मागच्या खोलीत शिरून त्याने टेप काढली आणि रंगवलेल्या जिन्यावर पेन्सिलने पहिली खूण करायच्या बेतात उभा राहिला. बारकीने त्याला "जरा थांबा" म्हटलं आणि प्रिंट काउंटरवर ठेवला. ना पिवळा रंग, ना चरे. तीच खुर्ची, तोच पडदा, पण कालच्या दिवसाचा फोटो. स्वतः ती मुद्दाम ड्रॉवर आवरत बसली. त्यात आवरण्यासारखं काही नव्हतं. तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

आईने फोटो उचलला. चष्मा वर केला, खाली केला. मग काही न विचारता शेजारी ठेवलेलं काकांचं भिंग उचलून तिने ते थेट फोटोतल्या स्वतःच्या डोळ्यावर धरलं. कुठे बघायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आत सुताराने दोनदा घसा खाकरला. आई भिंगातून बघतच होती.

"काकांनी पाहिला?" तिने विचारलं.

"सकाळीच दाखवून आले. उताणा ठेवला."

"हं." आईने भिंग बाजूला केलं. तिचे डोळे भरून आले होते, आवाज मात्र रोजचाच होता. "बारके, खांदा वाकडा आहे तुझा."

तिने फोटो काउंटरवर ठेवला. उताणा. मग गल्ल्याच्या मागच्या खिळ्यावरची कपाटाची किल्ली काढली आणि आतल्या बाजूला हाक मारली, "अहो सुतार, जरा पुढे या. दोन वर्षं उघडलं नाहीये, काच घट्ट बसली असेल. तेवढी सरकवून द्या."

"आणि आतलं पार्टिशन?" सुताराने टेप हातात धरूनच विचारलं.

"ते राहू दे," आई म्हणाली. "तिथे हिला उभं राहायला जागा लागते."