पोरगी करती काय

विजयसिंह साळोख्यांना अख्खी शिवाजी पेठ ओळखायची ती तालमीच्या फुटबॉल संघाचा जुना गोलकीपर म्हणून. अंगावर आलेला चेंडू त्यांनी सहसा सोडला नाही. एक प्रश्न मात्र दरवेळी हातातून निसटायचा, "इजूदा, पोरगी करती काय?"

काय सांगणार? स्वप्नाली अर्थशास्त्र शिकली. आधी बँकेत होती, ती सोडली. मग पुण्यात एका संस्थेत लागली आणि बायका कामाला गेल्या की त्यांची पोरं कुणाकडं राहतात, हे घरोघर विचारत फिरू लागली. "सरकारला सल्ला देती," विजयसिंह सांगायचे. त्यावर "मग पगार कोण देतंय?" असा पुढचा प्रश्न यायचा आणि ते घाईनं चहा मागवायचे.

त्यामुळं कामकरी बायकांसाठी नवं पाळणाघर कुठल्या पेठेत काढायचं, हे ठरवणाऱ्या समितीवर तज्ज्ञ म्हणून स्वप्नालीचं नाव आलं, तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी चौकात दांडगा डिजिटल बोर्ड लावला. लेकीचा फोटो, पदव्या, नोकऱ्या, सगळं ओळीनं. तरी खाली थोडी जागा उरली. तालमीतल्या पोरांनी सुचवलं आणि ह्यांनी मान डोलावली: "पाळणाघर येणार ते आपल्याच पेठेत!"

दुसऱ्या दिवशी स्वप्नाली पुण्याहून येऊन बोर्डाखाली उभी राहिली. तोंड पांढरंफटक पडलेलं.

"आबा, अजून पहिली बैठक व्हायची हाय. पलीकडच्या पेठेनं ह्या बोर्डाचा फोटो जोडून हरकत घेतलीया. मला समितीतनं काढा म्हणत्यात."

"त्यात वंगाळ काय लिवलंय? आपल्या पेठेचं भलं व्हावं एवढंच की."

"फायनलला रेफ्री आपल्या पेठेचा असला तर त्यांना चालंल का?"

विजयसिंहांनी मान वर करून बोर्ड पुन्हा वाचला. एका फायनलच्या दिवशी रेफ्री समोरच्या तालमीत मटण जेवून आल्याचं कळल्यावर त्यांनीच संघ मैदानाबाहेर बसवला होता. दुसरा रेफ्री आणला तेव्हाच गोलात उभे राहिले होते. आणि आज आपल्याच लेकीपुढं भर चौकात तसलं ताट आपण वाढून ठेवलं, हे उमगलं तशी त्यांना स्वतःची लाज वाटली.

शिडी मागवून त्यांनी स्वतः बोर्ड उतरवला आणि लेकीबरोबर समितीपुढं गेले. हरकत घेणारा निघाला ख्वाजा मुल्ला, त्याच फायनलमधला समोरचा फॉरवर्ड.

"बोर्ड मी लावला. तिला ठावं न्हवतं," विजयसिंह म्हणाले. "तू हरकत घेतलीस ते बरोबर केलंस. मीबी घेतली असती."

ख्वाजानं त्यांच्याकडं रोखून पाहिलं. "तवा घेतलीच हुतीस की," तो म्हणाला. "असू दे. पोरगी ऱ्हाऊ दे समितीत. बघू तर, शिट्टी कशी वाजवती."

स्वप्नाली राहिली. तिनं दोन्ही पेठांचे उंबरे झिजवले. घरी ती कामाबद्दल चकार शब्द काढायची नाही आणि आबाही विचारायचे नाहीत. त्यांच्यासारख्या बोलघेवड्या माणसाला ते फार जड गेलं.

मग समितीत तिनं आपलं मत मांडलं आणि तेच सगळ्यांना पटलं. पाळणाघर ख्वाजाच्या पेठेत. तिथं बाहेरगावाहून आलेली बिऱ्हाडं जास्त, घरात म्हातारं माणूस नाही, आया तान्ही पोरं शेजारणीवर टाकून कामावर जातात. शिवाजी पेठेत निदान आज्ज्या तरी होत्या.

त्या संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर विजयसिंहांना कुणी सरकून जागा दिली नाही. ते उभेच राहिले. शेवटी जोतीराम, त्यांच्याच संघातला जुना बॅक, तिरकसपणे बोलला, "इजूदा, एवढी शिकली, इतक्या नोकऱ्या केल्या. तुझी पोरगी करती तरी काय?"

या खेपेला चेंडू सरळ हातात आला.

"रेफ्री हाय," विजयसिंह म्हणाले, आणि जोतीरामाशेजारी जागा नव्हती तिथंच दाबून बसले.