तटावर बघण्यासारखं काही नाही

काकूंनी शहराचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, वर उचलल्या जाणाऱ्या कोपऱ्यावर साखरेचा डबा ठेवला आणि पेन्सिलीने बाजाराभोवती गोल काढला.

"आधी इथं जा. गर्दी असते तेव्हाच. मग घड्याळाचा मनोरा, मग नदीवरचा जुना पूल. पुलावर ऊन उतरेपर्यंत थांबा."

"आणि राजवाडा?" थोरलीने विचारलं.

पाहुण्या दोघी बहिणी होत्या. थोरली इस्पितळात नर्स, धाकटी टपाल कचेरीत. नवरे-पोरं मागे ठेवून पहिल्यांदाच फिरायला निघाल्या होत्या आणि आल्यापासून कशालाही हसत होत्या.

"राजवाड्यात फोटो काढू देत नाहीत. काय उपयोग?"

"डोळ्यांनी बघू की," धाकटी म्हणाली.

काकूंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "आणि फोटो काढताना भिंतीला पाठ लावून उभ्या राहू नका. मागे माणसं येऊ देत, रस्ता येऊ दे. त्याशिवाय शहर कळत नाही."

धाकटीने नकाशाच्या वरच्या कडेला, जुन्या तटाच्या भिंतीवर बोट ठेवलं.

"तटावर बघण्यासारखं काही नाही," काकू म्हणाल्या आणि नकाशाची घडी घालू लागल्या.

बहिणी उतरल्या होत्या ती खोली काकूंच्या मुलाची. मुलगा गाइड होता. शहर दाखवणं हाच त्याचा धंदा. आदल्या वर्षी त्याने एका कुटुंबाला तटावर नेलं आणि त्यांची लहान मुलगी कठड्यावरून खाली पडली, ती गेलीच. चौकशी झाली. त्याच्यावर ठपका आला नाही, पण तो बोलायचा बंद झाला. ताटावर बसायचा आणि तसाच उठायचा. मग एका सकाळी फोन उशीखाली ठेवून बाहेर पडला तो परतलाच नाही. पोलीस म्हणाले, जाणता माणूस आहे, आपल्या पायांनी गेलाय. कोणी त्याला बाजारात पाहिल्याचं सांगे, कोणी पुलाखाली. काकूंनी सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. त्यात काकांचे गुडघे कामातून गेले. तेव्हा काकूंच्या डोक्यात आलं, की परगावची माणसं दिवसभरात जेवढं शहर फोनमध्ये भरून आणतात, तेवढं आपल्या दोन डोळ्यांना जन्मात दिसणार नाही. त्यांनी खोली भाड्याने द्यायचं ठरवलं. "त्याची खोली," एवढंच काका म्हणाले.

संध्याकाळी बहिणी परतल्या तेव्हा त्यांच्या पायांचे तुकडे पडले होते. काकूंनी घमेल्यात गरम पाणी ओतून दिलं आणि पाय भिजायच्या आतच विचारलं,

"बघू फोटो?"

काका उठून स्वयंपाकघरात गेले. फोटो निघाले की ते तिथं जाऊन नळ सोडत.

थोरलीने कौतुकाने फोन दिला. काकूंनी बाजारातला पहिला फोटो दोन बोटांनी मोठा केला, बहिणींचे चेहरे बाजूला सारले आणि मागची माणसं एकेक करून पाहिली. दाढीवाला होता, पण बुटका. पाठमोरा होता, पण टकला. पुढचा फोटो. त्याच्या पुढचा.

"काकू, आम्ही इकडे आहोत," धाकटी हसत म्हणाली. थोरली हसली नाही. रात्रपाळीत रुग्णांच्या नातेवाइकांचे चेहरे वाचायची तिला सवय होती.

मनोरा संपला. पुलावरचे फोटो आलेच नाहीत. त्यांच्या जागी पडक्या दगडी भिंतीचा एक व्हिडिओ होता.

"रागावू नका हं," धाकटी म्हणाली. "आम्ही पूल सोडून तटावर गेलो. तिथल्या एका माणसाने काढून दिला."

काकूंनी व्हिडिओ लावला. कठड्याजवळ दोघी बहिणी उभ्या होत्या आणि फोन धरणारा माणूस बोलत होता.

"जरा आत या. कठड्याला टेकू नका. अजून आत. हां."

काकूंचा हात टेबलावर पडला. फोन मात्र सुटला नाही.

"तुम्ही इथलेच का?" व्हिडिओतल्या थोरलीने विचारलं.

"हो. तुम्ही कुठं उतरलात?"

"घड्याळवाल्या गल्लीत, एका काकूंकडे. त्या म्हणाल्या होत्या, तटावर बघण्यासारखं काही नाही."

चित्र हळूहळू खाली आलं. दगडी फरशी दिसली, शिवलेल्या चपला दिसल्या.

"बरोबर सांगितलं त्यांनी," आवाज म्हणाला. मग थोडं थांबून, "बऱ्या आहेत का त्या?"

"छान आहेत. झोप कमी दिसते."

"आणि काका?"

तिथं व्हिडिओ संपला. स्वयंपाकघरातला नळ कधी बंद झाला होता कोणास ठाऊक. काका दारात उभे होते.

"आम्ही काकांचं नावही काढलं नव्हतं," धाकटी हळूच म्हणाली. तिच्या आत्ता ध्यानात आलं होतं.

काकूंनी पायात आल्या त्या चपला घातल्या, एक स्वतःची आणि एक काकांची. रस्त्याने त्या धावत होत्या की चालत होत्या, हे त्यांना नंतर आठवेना. ज्या तटाकडे वर्षभर मान वळवली नव्हती, त्याच्या पायऱ्या त्या हाताने दगड धरत चढल्या. वर ऊन संपत आलं होतं. दोनचार माणसं परतत होती. मुलगा नव्हता.

रखवालदार कुलूप घेऊन उभा होता. काकूंनी मुलाचं वर्णन करायला सुरुवात केली आणि त्यांना धाप लागली.

"तो होय," रखवालदार म्हणाला. "रोज येतो. कोणी कठड्याकडे गेलं की आत घेतो. पैसे दिले तर घेत नाही. आम्हाला वाटलं, त्याचं कोणी नसेल."

"आत्ता कुठं आहे?"

रखवालदाराने नजर खाली वळवली. "इथंच होता. तुम्हाला रस्त्यावरून येताना पाहिलं आणि पलीकडच्या जिन्याने उतरला."

काकू पायरीवर बसल्या.

"उद्या येईल?"

"येईल," तो म्हणाला. मग कुलपाशी चाळा करत, "तुम्ही नसलात तर."

त्या घरी आल्या तेव्हा बहिणींनी दिवा लावून ठेवला होता. नर्सने न विचारता त्यांची नाडी पाहिली आणि पाणी दिलं. काकू एका दमात सगळं बोलून गेल्या: तट, ती मुलगी, उशीखालचा फोन.

"तो गेला आणि आठवड्याने त्या मुलीचे वडील आले होते. ह्याला भेटायला. म्हणाले, तिचा हात माझ्या हातातून सुटला, त्याच्या नाही, एवढं त्याला सांगायला आलोय. त्याला हे माहीतच नाही हो. मला बघून तो पळतो. सांगू कसं?"

धाकटी रडू लागली. थोरली उठली आणि आपला फोन काकांच्या समोर धरला.

"बोला, रेकॉर्ड होतंय. उद्या त्याला ऐकवू. आमचा राजवाडा राहिलाय, आम्ही एक दिवस थांबतो."

काकांनी गळा साफ केला. मुलाबद्दल ते कितीतरी महिन्यांत एक अक्षर बोलले नव्हते. आधी ते फोनशी बोलल्यासारखं बोलले, मग मुलाशी. मुलीच्या वडिलांचं वाक्य त्यांनी जसंच्या तसं सांगितलं, आणि वर स्वतःचं काही जोडायला गेले ते तेच वाक्य पुन्हा सांगून बसले. नर्सने फोन तसाच धरून ठेवला. काकूंना तिने खुणेने बोलावलं, पण त्यांनी मान हलवली आणि काकांच्या खांद्यावर हात तेवढा ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू घरातच थांबल्या. थांबणं किती अवघड असतं ते त्या घरालाच ठाऊक. भांडी घासून झाली होती ती त्यांनी पुन्हा घासली. काका उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसले आणि गल्लीच्या तोंडाकडे बघत राहिले.

बहिणी दोघीच आल्या. मागे कोणी नव्हतं.

"भेटला," थोरली म्हणाली. "ऐकलं त्याने. पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा."

"मग?"

"मग फोन परत दिला. एक शाळेची सहल आली होती, त्या मुलांना आत घ्यायला गेला."

"काही बोलला नाही?"

बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं.

"निघताना मागे आला," धाकटी म्हणाली. "विचारलं, खोलीत पुढचे पाहुणे कधी यायचेत."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, ते काही आम्हाला माहीत नाही."

काका खुर्चीवरून उठले. तीच खुर्ची त्यांनी बाहेर दरवाज्याच्या चौकटीशी नेली, एका हाताने गुडघा दाबत तिच्यावर चढले आणि 'पाहुण्यांसाठी खोली' या पाटीचा पहिला स्क्रू ढिला करू लागले. काकूंनी खाली दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली.